खुराक कोणाच्या घरचा?

पैलवानाच्या खुराकाचा विषय निघाला की आपल्याकडे बोलणे चटकन बदाम, तूप आणि म्हशीच्या दुधावर येते. कोणी किती शेर दूध रिचवले, कोण किती कोंबड्या फस्त करी, याच्या गोष्टी पारावर रंगतात. इतिहासाच्या विद्यार्थ्याला मात्र त्याआधी दुसराच प्रश्न पडतो. हे सारे पैलवानाच्या पानात वाढत कोण होते?

याचे लेखी उत्तर आपल्याच मुलखात मिळते. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसरा सोमेश्वर याने इ. स. 1129 च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. आपला बेळगाव परिसरही त्या काळी चालुक्यांच्याच छत्राखाली होता. ग्रंथातील मल्लविनोदाच्या भागात मल्लांची वय, देहयष्टी आणि बळ यांवरून प्रतवारी केली आहे, त्यांच्या व्यायामाचे प्रकार सांगितले आहेत, आणि त्यांना कडधान्ये, मांस, दूध, साखर व पक्वान्ने पुरवण्याचा भार राजावर टाकला आहे. मेहनत मल्लाची, शिधा राजाचा, असा हा सरळ हिशेब होता.

करवीरच्या राजर्षी शाहू छत्रपतींनी विसाव्या शतकात हीच रीत थाटाने चालवली. 1902 च्या युरोपच्या प्रवासात त्यांनी रोमचे प्राचीन क्रीडागार पाहिले आणि 1912 मध्ये कोल्हापुरात खासबागचे मैदान उभे राहिले. राजाश्रयामुळे तालमी भरल्या. पहाटे अंधारात उठून जोर-बैठका काढायच्या, जोडी फिरवायची, मग ताक, तेल, हळद घालून मळलेल्या तांबड्या मातीत लढती करायच्या, आणि त्यावर बदाम-खसखशीची थंडाई व दूध घेऊन विसावायचे, हा क्रम पोटाची चिंता नसलेल्यालाच झेपत असे. शेतकऱ्याचे पोर दिवसभर औत हाकून रात्री कोरड्यास-भाकरी खाईल, तर त्याची मेहनत अंगी कशी लागावी?

या परंपरेचा आपल्या सीमाभागालाही लाभ झाला. चिकोडी तालुक्यातील एकसंब्याचे श्रीपती खंचनाळे कोल्हापूरच्या तालमीत घडले. 1956 मध्ये राज्यांची पुनर्रचना झाली आणि एकसंबा व कोल्हापूर यांच्यामध्ये सरहद्द आली. त्यानंतर तीनच वर्षांनी, 1959 मध्ये, खंचनाळे दिल्लीच्या मैदानात पहिले हिंदकेसरी ठरले. तालमीच्या मातीने पैलवानाला कधी त्याचा तालुका विचारला नाही.

राजाश्रय गेल्यावर काय झाले, हे कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांच्या चरित्रात स्पष्ट दिसते. 1948 च्या लंडन ऑलिंपिकला ते कोल्हापूरच्या महाराजांच्या साहाय्याने गेले आणि सहावे आले. 1949 मध्ये कोल्हापूर संस्थान विलीन झाले. 1952 च्या हेलसिंकीसाठी पैशाची वाण पडली, तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण टाकून 7000 रुपये उभे केले. जाधवांनी बँटमवेट गटात ब्राँझपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परतल्यावर कुस्त्यांची मैदाने भरवून त्यांनी ती रक्कम फेडली. चार वर्षांत राजाची जागा एका शिक्षकाच्या घराने घेतली. याचा आम्हा शिक्षकांना अभिमान जरूर वाटावा, पण शिक्षकाला घर गहाण टाकावे लागणे ही समाजाच्या अभिमानाची गोष्ट नव्हे.

येथे आणखी एक बदल ध्यानात घ्यावा. मातीच्या मैदानात वजनाचे बंधन नसे, अंगाने भारी असणे हेच भांडवल, म्हणून तुपाला मान. ऑलिंपिकच्या गादीवर मात्र वजनाचे गट आले. जाधवांच्या गटाची मर्यादा 57 किलो होती. ऑगस्ट 2024 मध्ये पॅरिसला विनेश फोगट 50 किलोच्या गटात अंतिम फेरीत पोहोचली आणि 100 ग्रॅम वजन जास्त भरल्यामुळे अपात्र ठरली. आता किती खाल्ले यापेक्षा काय आणि केव्हा खाल्ले, याला महत्त्व आले आहे.

हा इतिहास उगाळण्याचे कारण माझ्या वर्गातच बसलेले असते. माझ्या शाळेतील पुष्कळ मुले उद्यमबागेतील फाउंड्र्या आणि मशीनशॉपमध्ये राबणाऱ्या घरांतली आहेत. त्यांपैकी काही पहाटे तालमीत जातात, आणि मैदानी कुस्ती जवळ आली की हमखास विचारतात, “सर, प्रोटीनचा डबा घेऊ का?” डब्याची किंमत ऐकली की बापाच्या ओव्हरटाइमचे तास माझ्या डोळ्यांपुढे येतात. शिवाय अशा काही डब्यांत बंदी असलेली द्रव्ये मिसळलेली सापडली आहेत, आणि उत्तेजक चाचणीत सापडल्यास शिक्षा खेळाडूलाच होते.

मी त्यांना फळ्यावर हिशेब मांडून दाखवतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020 च्या शिफारशीनुसार साधारण प्रौढाला वजनाच्या दर किलोमागे रोज 0.83 ग्रॅम प्रथिने हवीत. कसून मेहनत करणाऱ्याला 1.2 ते 2 ग्रॅम लागतात. सत्तर किलोच्या मल्लाला 110 ग्रॅम धरू. म्हशीच्या एक लिटर दुधातून सुमारे 36, चार अंड्यांतून 24 आणि 100 ग्रॅम हरभऱ्यातून 20 ग्रॅम मिळतात. ही ऐंशी झाली. उरलेली तीस भाकरी, आमटी आणि शेंगदाण्यांतून भरून निघतात. मेहनतीला लागणारी ताकद भाकरीच देते, म्हणून तिला कमी लेखू नये. बदाम मिळाला तर उत्तम, न मिळाला म्हणून कोणी चीतपट होत नाही.

पण हेही तितकेच खरे, की रोजचे लिटरभर दूध आणि चार अंडी हा खर्च एका मजुराच्या घराला जड जातो. फळ्यावरचा हिशेब पानात उतरण्यासाठी आजही कोणीतरी सोमेश्वर लागतो. कर्नाटकात 2024 मध्ये सरकारी व अनुदानित शाळांतील दहावीपर्यंतच्या मुलांना आठवड्यातून सहा दिवस अंडे, आणि अंडे न खाणाऱ्याला केळे, देण्याची योजना अझीम प्रेमजी फाउंडेशनच्या साहाय्याने सुरू झाली. एका अंड्यात प्रथिने सहाच ग्रॅम. त्याने पैलवान घडणार नाही, पण मुलाच्या पोटाची काळजी सार्वजनिक आहे, हे जुने तत्त्व पुन्हा मान्य झाले.

उद्यमबागेतील कारखानदारांकडे म्हणून माझे एक मागणे आहे. मैदानाच्या दिवशी विजेत्याला गदा आणि फेटा आपण हौसेने देता, तो मान राहू द्या. त्याच हौसेने एकेका कारखान्याने तालमीतील एकेका होतकरू मुलाच्या दुधाचा रतीब वर्षभरासाठी उचलावा. गदा जिंकणाऱ्या एकालाच मिळते, दूध मात्र हरणाऱ्यालाही रोज लागते.