डेटा बॅकअप, लघुउद्योगांतील

संगणकातील नोंदींची वेगळी जपलेली प्रत. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतील चादर-टॉवेल कारखानदाराला टॅली या सॉफ्टवेअरमधला हिशेब जपावा लागतो, तशाच जेकार्ड मागावर विणायच्या नक्ष्याही. पूर्वी नक्षी छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांवर असे. इलेक्ट्रॉनिक जेकार्डवर ती निव्वळ फाइल असते आणि ती गेली की नमुना पुन्हा मुळापासून बांधावा लागतो. रूढ नियम 3-2-1 असा : तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यांतील एक कारखान्याबाहेर. सूत चटकन पेट घेते, म्हणून बाहेरची प्रत सर्वांत मोलाची. सतत जोडलेली हार्ड डिस्क खंडणीखोर व्हायरसच्याही तावडीत सापडते. बॅकअप झाल्यावर ती काढून ठेवावी. जीएसटी कायद्यानुसार हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून 72 महिने ठेवणे बंधनकारक आहे. प्रत अधूनमधून दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. नेमके हेच काम बहुधा राहून जाते.