खांद्यावरचे क्षेपणास्त्र आणि तोलोलिंगचे आकाश

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात गोटमार होते आणि तीन-चार दिवसांत गणपती बसतात. पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यातल्या त्या दगडफेकीचे आम्ही समर्थन करीत नाही. डोकी फुटतात, जीवही गेले आहेत. पण उंचावरून आलेला गोटा खालच्याला जास्त लागतो, हे आपल्या भागात कुणाला शिकवावे लागत नाही. तसेच गोफणीचे. ज्वारीच्या शेतातल्या राखणदाराला ठाऊक असते की पाखरू आहे तिथे नव्हे, ते जाणार असेल तिथे गोटा सोडायचा. १९९९ च्या उन्हाळ्यात कारगिलच्या डोंगरांत या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या, आणि त्यातून उठलेल्या वादात एका बाजूला एक मराठी माणूस उभा होता : तेव्हाचे हवाईदल प्रमुख, एअर चीफ मार्शल अनिल यशवंत टिपणीस.

हे शस्त्र दिसायला साधे. एक माणूस खांद्यावर पेलू शकेल अशी नळी, वजन पंधरा ते अठरा किलो. क्षेपणास्त्राच्या नाकाशी उष्णता ओळखणारा डोळा असतो. विमानाच्या इंजिनाची धग त्या डोळ्याने पकडली की सैनिकाला सूचना मिळते आणि तो कळ दाबतो. आधी एक लहान स्फोटक क्षेपणास्त्राला नळीबाहेर काही मीटर फेकते आणि मग मुख्य इंजिन पेटते, नाहीतर डागणाराच भाजून निघाला असता. पुढे ते विमान जाणार असेल त्या दिशेने आपला मार्ग बदलत राहते. पल्ला सुमारे पाच किलोमीटर, उंची साडेतीन किलोमीटरच्या आसपास. रशियाचे स्ट्रेला आणि इग्ला, अमेरिकेचे स्टिंगर ही यातली गाजलेली नावे. सप्टेंबर १९८६ मध्ये अफगाणिस्तानात जलालाबादजवळ मुजाहिदीनांनी पहिल्यांदा स्टिंगर वापरले आणि सोव्हिएत हेलिकॉप्टरे पाडली. ही शस्त्रे त्यांच्यापर्यंत पाकिस्तानमार्गे पोचत होती. पाकिस्तानच्या स्वतःच्या फौजेकडेही स्टिंगर होते, शिवाय अंझा नावाचे त्यांचे आपले क्षेपणास्त्र होते.

मे १९९९ मध्ये घुसखोर शिखरांवर बसलेले आढळले तेव्हा लष्कराने हेलिकॉप्टरांची मदत मागितली. टिपणीसांचे म्हणणे असे की एवढ्या उंचीवर खास हल्ल्याची हेलिकॉप्टरे चालणार नाहीत, आणि एमआय-१७ वर रॉकेटे लावून पाठवली तर ती खांद्यावरच्या क्षेपणास्त्रांच्या तोंडी जातील. शिवाय हवाईदल लढाईत उतरवायचे तर सरकारची परवानगी हवी. लष्करप्रमुख जनरल वेदप्रकाश मलिक यांना हे पटले नव्हते. त्यांचे जवान उघड्या कड्यावरून, वरून गोळ्या बरसत असताना चढत होते. पुढे दोघांनीही आपापली बाजू लिहून मांडली. अखेर २५ मे रोजी मंत्रिमंडळाच्या समितीने परवानगी दिली, अट एकच : नियंत्रण रेषा ओलांडायची नाही. दुसऱ्या दिवशी ‘ऑपरेशन सफेद सागर’ सुरू झाले.

धोका मात्र आधीच दिसला होता. २१ मे रोजी टेहळणीवरच्या कॅनबेरा विमानाच्या इंजिनाला क्षेपणास्त्र लागले, तरी वैमानिकांनी ते सुखरूप उतरवले. २७ मे रोजी फ्लाइट लेफ्टनंट नचिकेता यांच्या मिग-२७ चे इंजिन बंद पडले आणि त्यांना उडी घ्यावी लागली. त्यांचा शोध घेणारे स्क्वाड्रन लीडर अजय आहुजा यांचे मिग-२१ क्षेपणास्त्राने पाडले. नचिकेता कैदेतून परतले, आहुजा परतले नाहीत.

आणि २८ मे. तोलोलिंगवर रॉकेटांचा मारा करायला चार एमआय-१७ निघाली. त्यांपैकी एकावर शत्रूच्या क्षेपणास्त्राला चकवणाऱ्या जळत्या फ्लेअर सोडायची सोय नव्हती. उष्णतेमागे धावणाऱ्या त्या डोळ्याला फसवायचे ते एवढेच साधन. नेमके तेच हेलिकॉप्टर पडले. स्क्वाड्रन लीडर राजीव पुंडीर, फ्लाइट लेफ्टनंट एस. मुहिलन, सार्जंट पी. व्ही. एन. आर. प्रसाद आणि सार्जंट आर. के. साहू हे चौघेही गेले. त्यानंतर हेलिकॉप्टरांना हल्ल्याच्या कामातून काढले. सामान पोचवणे आणि जखमींना आणणे त्यांनी चालू ठेवले.

टिपणीसांची भीती खरी ठरली. पण म्हणून मलिक चुकले, असे म्हणायला आमचे मन धजत नाही. तोलोलिंग हाती यायला १३ जून उजाडला, आणि तोवर त्या उतारावर किती जवान पडले हे साऱ्यांना ठाऊक आहे. पायदळाला वरून आधार हवाच होता. प्रश्न तो कोणत्या उंचीवरून द्यायचा हा होता, आणि तो सुटायला तीन दिवस आणि तीन यंत्रे खर्ची पडली.

गणित असे होते. सपाट प्रदेशात बारा हजार फुटांवर गेले की विमान या शस्त्राच्या बाहेर. पण कारगिलमध्ये नळी घेऊन बसलेला सैनिकच सोळा-सतरा हजार फुटांवर, म्हणजे विमानाला तीस हजारांच्या घरात चढणे भाग. तिथून दगडांचा मोर्चा ठिपक्याएवढाही दिसत नाही, आणि विरळ हवेत बॉम्ब नेहमीच्या हिशेबाने पडत नाही. वैमानिकांनी नवे हिशेब बसवले. मिराज-२००० विमानांवर लेझरने लक्ष्य दाखवणारे उपकरण बसवून, लेझरने वाट धरणारे बॉम्ब तयार झाले. १७ जूनला मुंथो ढालोचा रसद-तळ उद्ध्वस्त झाला. २४ जूनला टायगर हिलवर मारा झाला तेव्हा टिपणीस स्वतः एका मिराजच्या मागच्या आसनावर होते. हवाईदल प्रमुखाने लढाईच्या आकाशात जावे का, यावर मतभेद होऊ शकतात. आम्हाला मात्र ते आवडले. २८ मे नंतर युद्ध संपेपर्यंत शत्रूच्या क्षेपणास्त्राने आपले एकही विमान पडले नाही.

आपल्या लष्करातही हे शस्त्र आहे, पण ते बरीच वर्षे रशियन इग्लावरच अवलंबून होते. आता हैदराबादच्या इमारत संशोधन केंद्राने देशी क्षेपणास्त्र घडवले आहे. १ फेब्रुवारी २०२५ रोजी ओडिशातील चांदीपूर येथे त्याच्या लागोपाठ तीन चाचण्या झाल्या, त्याही अगदी खालून वेगाने उडणाऱ्या लक्ष्यांवर.