कमीज, खमीस व शमीज

जुन्या कागदांत वस्त्राचें नांव आढळलें कीं त्याचें मूळ संस्कृतांत शोधण्याचा मोह होतो. ‘खमीस’ शब्दाविषयीं हा मोह विशेष आहे. कारण संस्कृत ‘क्षौम’ म्हणजे जवसाच्या तंतूंचें वस्त्र, त्याचें पाली रूप ‘खोम’, व प्राकृतांत ‘क्ष’चा ‘ख’ होणें नेहमींचेंच. परंतु अंत्य ‘ईस’चा उलगडा क्षौमावरून होत नाहीं, सबब ही व्युत्पत्ति टिकत नाहीं.

मूळ पश्चिमेस आहे. संत जेरोम यानें इ. स. 400 च्या सुमारास फाबिओला नामक स्त्रीस लिहिलेल्या लॅटिन पत्रांत सैनिकांच्या अंगासरशा वस्त्रास ‘कामिसिया’ म्हणतात असें सांगितलें आहे. अरबींत तोच शब्द ‘कमीस’ झाला. कुराणांतील युसुफाच्या कथेंत तो आहे. पुढें फारसीच्या द्वारें हिंदुस्थानींत ‘कमीज’ आलें. दुसरी शाखा पोर्तुगीज ‘कामीझा’ची. गोवें 1510 त पोर्तुगीजांकडे गेलें व कोंकणींत ‘खोमीस’ रूढ झालें. तिसरी फ्रेंच ‘शमीज’ची, ती इंग्रजीमार्गें येऊन मराठींत स्त्रियांच्या आंतील वस्त्राचें नांव झाली.

एकच शब्द असा तीन दारांनीं आला. म्हणून मराठी कागदांत ‘खमीस’ दिसल्यास तेवढ्यावरून पोर्तुगीज संबंध किंवा कागदाचा काल ठरवूं नये. अरबी ‘कमीस’ व पोर्तुगीज ‘कामीझा’ या दोहोंपासूनही तेंच रूप संभवतें. कागदाचें स्थळ पाहावें, आणि शेजारीं ‘काज’सारखे निश्चित पोर्तुगीज शब्द आहेत कीं फारसी, हें तपासावें. निर्णय त्यावरून करावा.