धागा दुप्पट झाला, गुंडाळीचे काय?

हिंगोली जिल्ह्यातल्या पुसेगावला शिक्षकांशी गप्पा मारताना आम्ही फळ्यावर डीएनएचे नेहमीचे चित्र काढले. चेन उघडावी तसे दोन धागे सुटतात आणि प्रत्येकासमोर नवा जोडीदार तयार होतो. एका शिक्षिकेने विचारले, "पण धागा तर गुंडाळलेला असतो ना? मग प्रत होताना गुंडाळी जाते कुठे?" आमच्या चित्रात ती नव्हतीच!

माणसाच्या एका पेशीतला डीएनए सरळ केला तर सुमारे २ मीटर भरेल. तो मावतो मिलिमीटरच्या जेमतेम शंभराव्या भागाएवढ्या केंद्रकात. हे कसे जमते? १८८४ साली आल्ब्रेख्त कॉसेल यांनी हंसाच्या रक्तपेशींतून हिस्टोन नावाची प्रथिने वेगळी केली. त्यांचे काम नीट कळायला मात्र १९७४ उजाडावे लागले. रॉजर कॉर्नबर्ग यांनी दाखवले, की आठ हिस्टोन मिळून एक गठ्ठा होतो आणि डीएनए त्याला वेढे घेतो. हा न्यूक्लिओसोम. आपण त्याला मणी म्हणू. माळेचा दोरा मण्यातून जातो, इथे मात्र तो मण्याभोवती सुमारे पावणेदोन वेढे घेतो. माणसाच्या एका पेशीत असे जवळजवळ ३ कोटी मणी असतात.

आता शिक्षिकेच्या प्रश्नाकडे येऊ. प्रत करणारी यंत्रणा जवळ आली की पुढचे मणी सुटतात. त्यांतले जुने हिस्टोन दोन्ही नव्या धाग्यांवर वाटले जातात. धागा दुप्पट, मणी तेवढेच. म्हणून निम्म्या जागा रिकाम्या राहतात. त्या भरण्यासाठी पेशी त्याच काळात नवे हिस्टोन बनवते. ते बसवतो कोण? १९८९ मध्ये अमेरिकेतील कोल्ड स्प्रिंग हार्बर येथे सुसान स्मिथ आणि ब्रूस स्टिलमन यांनी माणसाच्या पेशींतून 'काफ-१' हा प्रथिनसमूह शुद्ध केला. तो नुकत्याच प्रत झालेल्या डीएनएवर नवे हिस्टोन आणून ठेवतो.

मणी बसले, पण कुठे दाटी, कुठे मोकळी जागा. ते सारख्या अंतरावर कसे येतात? इथे एक परिचित आडनाव भेटते. जयंत आणि मंगला नारळीकर यांची कन्या गीता नारळीकर आयआयटी मुंबईत रसायनशास्त्र शिकल्या. पुढे सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात त्यांनी 'एसीएफ' या विकराचा अभ्यास केला. मण्याच्या कोणत्या बाजूला मोकळा डीएनए जास्त आहे हे एसीएफ जणू मोजतो आणि मणी तिकडे सरकवतो, असे त्यांच्या गटाने २००६ मध्ये दाखवले. पुढे २००९ मध्ये कळले, की एका मण्यावर असे दोन रेणू जोडीने काम करतात. दोन्हीकडून ओढाताण होऊन मणी मध्यावर येतो.

एवढा खटाटोप केवळ जागा वाचवण्यासाठी नाही. जुन्या हिस्टोनांवर रासायनिक खुणा असतात. कोणती जनुके मिटलेली ठेवायची, याची आठवण त्यांतल्या काही खुणा नव्या पेशीपर्यंत नेतात. यकृताच्या पेशीपासून यकृताचीच पेशी व्हायची, तर अक्षरांबरोबर ही आठवणही पोचायला हवी.

म्हणून त्या दिवशी आम्ही फळा पुसला आणि चित्र पुन्हा काढले. जुने मणी पांढऱ्या खडूने, नवे पिवळ्या. तुम्हीही वर्गात काढून पाहा.