पाणी वाढले, देवधान कुठे गेले?

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळा झाला, पण त्याचे तलाव त्या नावाहून कितीतरी जुने आहेत. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने मातीच्या पाळी घालून ओढे अडवले आणि त्या पाण्यावर भात व ऊस पिकवला. नवेगावबांधच्या तलावाचे श्रेय परंपरेने कोलू पाटील कोहळी यांना दिले जाते. या तलावांचा इतिहास सांगताना आपण पाळीची लांबी आणि भिजणारे एकर सांगतो. काठच्या वनस्पतींचा इतिहास सहसा राहून जातो. आम्हाला तोच अधिक बोलका वाटतो.

जुन्या तलावाचे पाणी वर्षभर एका पातळीवर राहत नाही. पावसाळ्यात ते भरते, धानाला पाणी सोडले की उतरते आणि उन्हाळ्यात पाळीसमोरचा उथळ भाग उघडा पडतो. ही उघडी गाळपेर म्हणजे वाया गेलेली जागा नव्हे. देवधान, लव्हाळे अशा काठच्या अनेक वनस्पतींचे बी खोल पाण्याखाली रुजत नाही. त्याला ऊन लागलेला ओला चिखल हवा असतो. हायड्रिला, व्हॅलिसनेरिया पाण्याखाली वाढतात, पण प्रकाश पोचेल तेवढ्याच खोलीपर्यंत.

मग पातळी वाढवली तर काय होते? कॅनडातील मॅनिटोबा प्रांतात डेल्टा नावाच्या दलदलीत १९८०च्या दशकात हा प्रश्न प्रयोगानेच विचारला गेला. बांध घालून दहा कप्पे केले आणि बहुतेकांत नेहमीपेक्षा सुमारे एक मीटर जादा पाणी दोन वर्षे ठेवले. पाण्याबाहेर डोके काढणाऱ्या बहुतेक वनस्पती मेल्या. पुढे पाणी काढून टाकताच चिखलातल्या जुन्या बियांतून रोपे उगवली. गाळ ही बियांची पेढी असते, ती अशी.

आपल्याकडे ही पेढी दोन्ही बाजूंनी अडचणीत आली. १९५१मध्ये मालगुजारी संपली, तलाव सरकारकडे गेले आणि पाळ-तुडुमाची रोजची निगा सैल झाली. दक्षिण अमेरिकेतून आलेली बेशरम उथळ भागात पसरली. जनावरे तिला तोंड लावत नाहीत आणि तोडलेले खोडही मुळे धरते. नंतर गाळ काढून तलाव खोल करण्याची कामे आली. त्यांनी पाणीसाठा वाढतो हे खरे, पण सरसकट उपसा केला तर गाळाबरोबर बीही जाते. अर्जुनी मोरगाव भागातील ढिवर मच्छीमारांनी गेल्या काही वर्षांत निराळी वाट धरली. त्यांनी बेशरम उपटली, पावसाळ्यापूर्वी तळ नांगरला आणि देशी पाणवनस्पती लावल्या, कारण माशांना अन्न आणि अंडी घालायला आडोसा त्यांतच मिळतो.

एखाद्या तलावाची पातळी वाढणार असेल तर शाळेने काम सुरू होण्याआधीच नोंदी सुरू कराव्यात. नंतर केलेल्या नोंदींना तुलना उरत नाही. पाळीसमोरच्या उतारावर कायमची खूण करून पाण्याच्या दिशेने दोरी ताणा. दर दहा मीटरवर एक मीटरची चौकट ठेवा, आत कोणत्या वनस्पती किती जागा व्यापतात ते लिहा आणि तिथली पाण्याची खोली मोजा. दिवाळीनंतर, मार्चमध्ये आणि मे अखेरीस, दरवर्षी त्याच जागी. पाण्यात उतरताना सोबत जाणते ढिवर काका असावेत. वनस्पतींची गावातली नावे त्यांच्याकडूनच कळतात. पातळी न बदललेला शेजारचा एक तलावही मोजा. नाहीतर चांगल्या पावसाचा परिणाम आणि उंच केलेल्या सांडव्याचा परिणाम वेगळा ओळखता येणार नाही.

वहीत एक रकाना सारसासाठी ठेवा. महाराष्ट्रातले बहुतेक सारस याच जिल्ह्यात उरले आहेत. उथळ पाण्यातल्या गवताचा ढीग रचून ते घरटे करतात आणि पाणी थोडे चढले तर आणखी गवत रचून ते उंच करतात. पण त्यासाठी आसपास गवत असावे लागते.