भूमीचा नकाशा व हरकतीचा अधिकार

महोत्सवाच्या पुस्तकांत धर्मग्रामाच्या इतिहासाचीं जीं पानें असतात, त्यांत देवळाची कोनशिला कोणीं बसविली, घंटा कोठून आली, पहिला बाप्तिस्मा कोणत्या सालीं झाला, अशा गोष्टी येतात. आणि त्या येणें योग्यच आहे. आम्हीं मात्र येथें देवळाखालच्या जमिनीविषयीं लिहावयाचें योजिलें आहे. देऊळ प्रथम उभें राहतें तें कागदावर. सातबाराचा उतारा, मोजणीचा नकाशा, ग्रामपंचायतीचा ठराव, बिनशेतीचा हुकूम, अशा पायऱ्या चढल्यावर मग पायाचा दगड पडतो. यांपैकीं एखाद्या पायरीवर नकार मिळाला, किंवा शेजारच्या हिरव्या रानावर सरकारी नकाशांत निराळा रंग चढला, तर सामान्य मनुष्यानें काय करावें, आणि आजवर लोकांनीं काय केलें, याची थोडी हकीकत बिद्री व आसपासच्या गांवांतील आपल्या बांधवांपुढें ठेवावी, एवढाच आमचा हेतु.

सरकारापुढें जमिनीची हरकत घेऊन जाणें हें भाविक माणसाचें काम नव्हे, अशी एक भोळी समजूत आपल्यांत आहे. पवित्र शास्त्र तिला दुजोरा देत नाहीं. गणनेच्या पुस्तकाच्या २७ व्या अध्यायांत सलाफहादच्या पांच कन्यांची कथा आहे. बाप अरण्यांत मेला, भाऊ नव्हता. देशाच्या वांटणीचा प्रसंग आला तेव्हां, पुत्र नाहीं म्हणून आमच्या बापाचें नांव कुळांतून कां गळावें, हा प्रश्न घेऊन त्या बहिणी दर्शनमंडपाच्या दारापाशीं मोशे, एलाजार याजक, सरदार व सर्व मंडळी यांच्यासमोर उभ्या राहिल्या. मोशेनें तें प्रकरण परमेश्वरापुढें नेलें आणि निकाल कन्यांच्या बाजूनें झाला. गोष्ट येथेंच संपत नाहीं. ३६ व्या अध्यायांत त्यांच्याच वंशांतील वडील मंडळी उलट हरकत घेऊन येतात: या मुली दुसऱ्या वंशांत दिल्या तर जमीनहि तिकडेच जाईल. तीहि हरकत ऐकून घेतली गेली व पहिल्या निकालाला मर्यादा घातली गेली. हरकत, सुनावणी, निकाल, प्रतिहरकत, फेरबदल: आजच्या कचेरींत जें चालतें त्याचा क्रम याहून वेगळा नाहीं. संत पौलानें फेस्ताच्या न्यायासनासमोर कैसराकडे दाद मागितली, तीहि रोमी नागरिकाचा हक्क म्हणूनच. नाबोथाच्या द्राक्षमळ्याची कथा आपण प्रवचनांत वारंवार ऐकतों. परंतु त्या बिचाऱ्याला दाद मागावयास जागाच उरली नव्हती, कारण गांवचे वडीलच राणीच्या पत्रांपुढें वांकले होते.

नगररचना हा विषय आपल्या भागाला परका नाहीं. राजर्षि शाहू छत्रपतींनीं सन १९१७ मध्यें आपले जनक पिता, कागलचे जयसिंगराव घाटगे, यांच्या नांवानें जयसिंगपूर वसविलें. तेथील सरळ रस्ते व आंखीव पेठा पाहून आजहि लोक कौतुक करितात. त्याच सुमारास, सन १९१५ मध्यें, ब्रिटिश मुंबई इलाख्यांत नगररचनेचा कायदा झाला. हिंदुस्थानांतील अशा प्रकारचा तो पहिला. संस्थानी अमलांत रयतेची दाद म्हणजे हुजुरांकडे अर्ज, आणि त्याचा निकाल हुजुरांच्या इच्छेवर. ता. १ मार्च १९४९ रोजीं कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें, आणि पुढें मुंबईचे कायदे तेच आपले कायदे झाले. सन १९५४ च्या कायद्याची जागा सन १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमानें घेतली. कोणती जमीन शेतीची, कोणती वस्तीची, कोठें रस्ता, कोठें दफनभूमि, हें आतां या अधिनियमाखालीं होणाऱ्या आराखड्यांत ठरतें.

या कायद्याचें मर्म एका गोष्टींत आहे. आराखडा पक्का होण्यापूर्वीं त्याचा मसुदा प्रसिद्ध करावा लागतो, आणि त्यावर कोणीहि, केवळ जमिनीचा मालकच नव्हे, लेखी हरकत देऊं शकतो. प्रादेशिक योजनेच्या मसुद्याला निदान ४ महिने मुदत असते. गांव-शहराच्या विकास आराखड्याला पूर्वीं ६० दिवस होते, ते पुढें ३० झाले. हरकतदाराचें म्हणणें नियोजन समिति ऐकते, आणि शेवटीं मंजुरी राज्य सरकार देतें. एखाद्याला बांधकामाची परवानगी नाकारली, तर कारणें लेखी द्यावीं लागतात, आणि तो हुकूम हातीं पडल्यापासून ४० दिवसांत सरकारकडे अपील करितां येतें. शेतजमिनीच्या व बिनशेतीच्या हुकुमांना त्याच सन १९६६ चा जमीन महसूल अधिनियम लागू. तेथें तहसीलदारावर प्रांत, प्रांतावर जिल्हाधिकारी, असा अपिलाचा जिना असून, जिल्हाधिकाऱ्याहून कनिष्ठ अधिकाऱ्याच्या हुकुमावर ६० दिवस व इतर हुकुमांवर ९० दिवस मुदत आहे. उशीर झाला तर सबळ कारण दाखवून माफी मागतां येते खरी. पण ती मिळेलच असें नाहीं. आमच्या लोकांची एक संवय येथें सांगितली पाहिजे. चावडींत किंवा कचेरींत कोणी तोंडानें "होणार नाहीं" म्हटलें, कीं ते मान खालीं घालून घरीं येतात. तोंडी नकारावर अपील चालत नाहीं. अर्ज लेखी द्यावा, त्याची पोहोच घ्यावी, व नकारहि कागदावर मागावा.

हा अधिकार ख्रिस्ती शेतकऱ्यांनीं सर्वांत मोठ्या प्रमाणावर वापरला तो वसईंत. उत्तर वसईच्या वाड्या, केळीचे बाग, पानवेली, फुलशेती आणि गोड्या पाण्याच्या विहिरी यांवर तेथील कॅथलिक व हिंदु कुटुंबें पिढ्यानुपिढ्या जगत आलीं. सन १९७३ मध्यें मंजूर झालेल्या मुंबई महानगर प्रदेशाच्या योजनेंत या प्रदेशाचा मोठा भाग हरित पट्टा म्हणून राखला होता. १९८० च्या दशकाच्या अखेरीस सरकारनें त्यांतील पुष्कळ भाग बांधकामास मोकळा केला, आणि सन १९९० मध्यें सिडको ही तेथील विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नेमली गेली. विहिरींतील पाणी टँकरांनीं नव्या इमारतींकडे जाऊं लागलें, व किनाऱ्याच्या गांवांत विहिरी खाऱ्या होण्याची भीति पसरली. अशा वेळीं 'सुवार्ता' मासिकाचे संपादक फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे पुढें आले. हरित वसई संरक्षण समितीच्या झेंड्याखालीं त्यांनीं मोर्चे काढले, सभा घेतल्या, धमक्याहि सोसल्या. हेच दिब्रिटो पुढें सन २०२० मध्यें उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, व ता. २५ जुलै २०२४ रोजीं प्रभूच्या घरीं गेले. त्यांच्या साहित्याविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. आम्हांस त्यांचा मोठेपणा अधिक दिसतो तो यांत, कीं नकाशांतील रंग म्हणजे विहिरींतील पाणी, हें त्यांनीं साध्या शेतकऱ्याला समजावून दिलें, आणि हा प्रश्न केवळ ख्रिस्ती लोकांचा होऊं दिला नाहीं.

वसईकरांना पूर्ण यश आलें काय? नाहीं. रेल्वेच्या बाजूचा प्रदेश इमारतींनीं भरून गेला. पश्चिमेच्या गांवांतून मात्र अद्याप हिरवाई दिसते, आणि ती आपोआप राहिलेली नाहीं. सन २००९ मध्यें चार नगरपालिका व ५३ गांवें मिळून वसई-विरार महानगरपालिका झाली तेव्हां गांवकरी पुन्हां उठले. सन २०११ मध्यें २९ गांवें वगळण्याचा निर्णय सरकारनें केला. वाद उच्च न्यायालयांत वर्षानुवर्षें रेंगाळला. आणि सन २०२४ मध्यें तीं गांवें महापालिकेंतच राहतील असें सरकारनें ठरविलें. तेरा वर्षांनीं हातीं आलेला हा निकाल कडू आहे. तरी मधल्या काळांत, सन २०१६ मध्यें महानगर प्रदेशाच्या नव्या योजनेचा मसुदा प्रसिद्ध झाला तेव्हां, वसईंतून हजारों हरकती मुदतींत दाखल झाल्या. एकदां शिकलेला धडा त्या लोकांनीं टाकून दिला नव्हता. आपल्या जिल्ह्यांत शहराची हद्दवाढ व सन २०१७ मध्यें करवीर-हातकणंगले तालुक्यांतील ४२ गांवांसाठीं झालेलें प्राधिकरण यांवरून जी चर्चा होत आली आहे, ती ऐकतांना वसईची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं.

गोव्यांत यश अधिक लवकर आलें. सन २००६ च्या ऑगस्टमध्यें 'प्रादेशिक आराखडा २०११' लागू झाला, आणि बागायती व डोंगरउतार वस्तीच्या रंगांत रंगविल्याचें लोकांच्या ध्यानांत आलें. डॉ. ऑस्कर रिबेलो यांच्या पुढाकारानें गोवा बचाव अभियान उभें राहिलें. ख्रिस्तसभेची सामाजिक न्याय व शांति समितिहि त्यांत होती. डिसेंबरांत पणजीच्या आझाद मैदानावर प्रचंड सभा झाली, आणि जानेवारी २००७ मध्यें सरकारनें आराखडा मागें घेतला. पुढचा आराखडा करणाऱ्या कार्यदलांत वास्तुविशारद चार्ल्स कोरिया अग्रभागीं होते, आणि त्याचा मसुदा गांवोगांव लोकांपुढें ठेवला गेला. ग्रामसभेंत आपल्या गांवचा नकाशा उलगडून पाहण्याची ही रीति आम्हांस फार मोलाची वाटते. मुंबईंतहि सन २०१५ मध्यें विकास आराखड्याच्या मसुद्यांत जुन्या वास्तू व प्रार्थनास्थळें चुकीचीं दाखविल्यामुळें हरकतींचा पाऊस पडला; सरकारनें तो दुरुस्त करावयास लाविला, व नवा आराखडा सन २०१८ मध्यें मंजूर झाला.

कोणी म्हणेल, हीं चळवळींचीं उदाहरणें झालीं. एकट्या माणसाचें काय? त्यास उडुपीचा खटला सांगावा. तेथील नगरपालिकेनें वस्तीच्या भागांतील एका मंगल कार्यालयाचें चित्रपटगृह करण्यास परवाना दिला. शेजारच्या एका रहिवाशानें, हें नगररचना योजनेच्या विरुद्ध आहे, म्हणून दाद मागितली. उच्च न्यायालयानें, आतां पुष्कळ पैसा खर्च झाला, म्हणून हात आवरला. परंतु सन १९७४ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें तो निकाल फिरविला. योजनेविरुद्ध बांधलेल्या इमारतीवर पैसा गेला म्हणून ती कायदेशीर होत नाहीं, आणि योजना पाळली जावी असें मागण्याचा रहिवाशाला हक्क आहे, हें त्या वेळीं पक्कें झालें. सन १९९१ मध्यें बंगळूरच्या एका वसाहतींतील उद्यानाची राखीव जागा खाजगी रुग्णालयास दिली होती, तीहि न्यायालयानें रहिवाशांच्या अर्जावरून परत उद्यानालाच ठेविली. रुग्णालय हें पुण्यकर्म खरें. पण दुसऱ्याच्या मोकळ्या हवेवर तें उभारूं नये.

आतां उलट बाजूचीहि एक गोष्ट सांगूं, कारण ख्रिस्तसभा नेहमीं हरकतदाराच्याच बाजूला असते असें नाहीं. अमेरिकेंतील टेक्सास प्रांतांत बर्नी नांवाचें शहर आहे. तेथील सेंट पीटरचें देऊळ सन १९२३ चें, सुमारें २३० माणसांचें. रविवारच्या कांहीं मिस्सांना ४० ते ६० भाविकांना आंत जागा मिळेना. सॅन अँटोनियोच्या महागुरूंनीं देऊळ वाढविण्यास परवानगी मागितली. नगरसभेनें जुन्या वास्तूंच्या रक्षणाचा नियम दाखवून ती नाकारली. धर्मस्वातंत्र्यासाठीं सन १९९३ मध्यें झालेल्या कायद्याचा आधार घेऊन महागुरूंनीं खटला केला, आणि तो थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयांत गेला. ता. २५ जून १९९७ रोजीं ६ विरुद्ध ३ मतांनीं निकाल नगराच्या बाजूनें लागला. त्यानंतर उभय पक्षांनीं एकत्र बसून तडजोड केली: जुन्या देवळाचा बहुतेक भाग राखावयाचा आणि त्याला जोडून नवें बांधावयाचें. आम्हांस या पराभवाचें फारसें दुःख वाटत नाहीं. जो नियम शेजाऱ्याला, तोच देवळाला. आणि देवळाचें रडगाणें नियोजन समितीपुढें गावयाचें असेल, तर तें इतर नागरिकांच्या रांगेंत उभें राहूनच गावें. मात्र जागा अपुरी आहे हें आंकड्यांनीं दाखविण्याची त्या धर्मग्रामाची पद्धत आपण उचलण्याजोगी आहे. मिस्सेला किती माणसें येतात, किती बाहेर उभीं राहतात, दफनभूमींत किती जागा उरली, याची नोंदवही ठेवलेली असेल तर अर्जाला वजन येतें.

आपल्या भागाला एक अडचण फार दिवस होती. सरकारदरबारचें अपील फेटाळलें गेलें, तर पुढें उच्च न्यायालय; आणि तें मुंबईंत, कोल्हापूरहून सुमारें ३८० किलोमीटर दूर. उसाच्या दोन सऱ्या वांचविण्यासाठीं दूधगंगा-वेदगंगेच्या खोऱ्यांतील शेतकऱ्यानें तारखेमागून तारीख किती वेळां मुंबई गांठावी? चाळीसांहून अधिक वर्षें वकिलांनीं व पक्षकारांनीं केलेल्या मागणीनंतर ता. १८ ऑगस्ट २०२५ रोजीं मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचचें काम सुरू झालें. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांचीं प्रकरणें तेथें चालतात. भाऊसिंगजी रोडवर, सी.पी.आर. रुग्णालयासमोरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतींत तें भरलें. बिद्रीहून सकाळची एस.टी. धरली, तर कामकाजाला आरंभ होण्यापूर्वीं माणूस दारांत पोहोंचतो.