कार्डवरची सोनेरी चिप काय काम करते? स्मार्ट कार्ड वापरताना हे लक्षात ठेवा

मूल : धानाचे चुकारे असोत की रोजगार हमीची मजुरी, पैसा आता बँक खात्यात जमा होतो. राजोली, बेंबाळ, चिरोली अशा गावांतून पैसे काढायला मूलला येणाऱ्यांच्या खिशात एटीएम कार्ड असते. हेही एक स्मार्ट कार्डच.

स्मार्ट कार्ड म्हणजे काय?
ज्या कार्डात चिप आहे ते स्मार्ट कार्ड. चिप म्हणजे छोटासा संगणकच. प्रत्येक प्लास्टिक कार्ड स्मार्ट नसते. आधारच्या पीव्हीसी कार्डवर क्यूआर कोड असतो, चिप नसते. एसटीने 2019 मध्ये सवलतीच्या प्रवासासाठी स्मार्ट कार्ड आणले. त्यातील चिप वरून दिसत नाही. कार्ड यंत्राजवळ नेले की वाचले जाते.

चिप कशाला?
जुन्या एटीएम कार्डवर फक्त काळी पट्टी होती. तिच्यातील माहिती चोरून हुबेहूब दुसरे कार्ड बनवता येत होते. चिप मात्र प्रत्येक व्यवहाराला नवा कोड तयार करते, त्यामुळे नक्कल करणे फार कठीण. म्हणूनच रिझर्व्ह बँकेने जुनी कार्डे बदलून चिपची कार्डे देण्यासाठी बँकांना 31 डिसेंबर 2018 पर्यंतची मुदत दिली होती.

चिप आहे, तरी पैसे का जातात?
कारण पिन आपणच सांगतो. "जरा पैसे काढून दे बाबू" म्हणत अनोळखी माणसाच्या हाती कार्ड दिले, पिनही सांगितला, तर चिप काही करू शकत नाही. मदत लागलीच तर घरच्या माणसाला सोबत न्या किंवा बँकेत जाऊन विड्रॉल स्लिप भरा. पिन कार्डवर किंवा पाकिटात लिहून ठेवू नका.

कार्डवर वायफायसारख्या आडव्या-वाकड्या रेषा असतील, तर 5 हजार रुपयांपर्यंतची खरेदी पिनशिवाय होऊ शकते. कार्ड हरवले तर धोका इथेच. ही सोय नको असेल तर बँकेला सांगून बंद करता येते.

कार्ड हरवले किंवा पैसे गेले तर?
• आधी बँकेला फोन करून कार्ड बंद करा. नंबर पासबुकवर नसेल तर शाखेतून आजच लिहून घ्या.
• फसवणूक झाली असेल तर लगेच 1930 वर तक्रार करा.
• तक्रारीचा क्रमांक जपून ठेवा.

रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकानुसार, चूक ग्राहकाची नसेल आणि बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर नुकसान ग्राहकावर येत नाही. पण पिन स्वतःच सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंत गेलेला पैसा ग्राहकाच्याच माथी. त्यामुळे मोबाईल नंबर खात्याला जोडलेला आहे का, हे आधी तपासा. मेसेजच आला नाही तर पैसे गेल्याचे कळणार कसे?